सोळा के.बी.तलं रिंगण

विट्याजवळच्या त्या गावात मला भाड्याने खोली मिळाली ती माझ्या पदवीमुळे नाही की सरकारी नोकरीमुळेही नाही. माझ्याकडे जुन्या कॅसेटी होत्या म्हणून मिळाली. मी जनावरांची डॉक्टर. महाबळेश्वरकडून बदली होऊन इकडे आले तेव्हा अंगातला ओलावासुद्धा पुरता वाळला नव्हता. घरमालक पायरीवर बसले होते. पांढरा पायजमा, बनियन, कानाच्या मागे खोचलेली पेन्सिल. नाव, गाव, मासे-मटण खाता का, यातलं काहीही न विचारता त्यांनी विचारलं, "टेपच्या कॅसेटी हायत का घरी? जुन्या?"

मी म्हटलं, वडिलांच्या भजनांचं एक खोकं आहे.

"त्याच्यावर दुसरं कायतरी टेप केलं तर वडील रागावतील का?"

"नाही. ते आता मोबाइलवर ऐकतात."

"मग वरची खोली तुमची. पाणी दिवसाआड येतं."

पुढच्या रविवारी मी ते खोकं आणून दिलं. इतक्या आनंदाने मी आणलेली कुठलीच वस्तू आजवर कुणी घेतलेली नाही.

त्या कॅसेटींचं काय होतं हे मला लवकरच कळलं. एका दुपारी जेवायला बसले होते आणि खालून आवाज आला. डुकराचं पिल्लू दाराच्या फटीत अडकलं की ओरडतं, तसा. थांबायचं नाव नाही. मी ताट सोडलं, पिशवी घेतली आणि धावत खाली गेले. काका, म्हणजे आमचे घरमालक, टेपरेकॉर्डरला कान लावून, डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर परमसंतोष. काकू उंबऱ्यावर मटकी निवडत होत्या.

"बसा, डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या. "ती जनावर काय बरं हुणारं न्हाई."

ते जनावर म्हणजे एक कॉम्प्युटर होता. आकाराने वहीएवढा, रबरी बटणांचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा घरोघरी वापरायला असली मशिनं निघाली होती. टीव्हीला जोडायची, आणि त्यांच्यात घालायचा प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. तो कॅसेटवरून परत मशीनमध्ये जाताना ही किंकाळी निघते. मेमरी सोळा के.बी. आपल्या मोबाइलमधल्या एका फोटोला जेवढी जागा लागते तेवढ्यात अशी शे-दोनशे मशिनं सहज मावतील. या एवढ्याशा जागेत काका देखावे करत. देखावे हा त्यांचाच शब्द. ज्या परदेशी मंडळींकडून ते हे शिकले, ती याला डेमो म्हणतात. याने हिशेब होत नाही, खेळता येत नाही, कुणाचं काहीही भलं होत नाही. पडद्यावर चित्र हलतं, आवाज येतो, दोन मिनिटांत संपतं. इतक्या कमी जागेत हे बसवलंच कसं, असं बघणाऱ्याच्या तोंडून निघालं की करणाऱ्याचं पोट भरतं.

हे मशीन त्यांच्याकडे आलं ते गाळायला. या भागातली निम्मी घरं गलाईवर उभी आहेत. इथला माणूस मिसरूड फुटायच्या आत देशाच्या कुठल्या तरी शहरात जातो आणि सराफांचं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला लागतो. काका कोइमतूरला होते. सराफाच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा हे लोक विकत घेतात, जाळतात, धुतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. पुढे जुन्या मशिनांचे सुटे भागही येऊ लागले, कारण त्यांच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो. तशाच एका पोत्यातून हे निघालं. गाळण्याआधी काकांनी गंमत म्हणून ते दुकानातल्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर एक चौकोन लुकलुकायला लागला.

"लुकलुकत हुतं, आवं," काका मला सांगत. "जित्या वस्तूला मुशीत कशी घालायची?"

त्या दिवसापासून ते त्याच्या नादी लागले. खोक्यात इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते वाचलं, दुकान सांभाळत, वर्षानुवर्षं. मुलगा हाताशी आल्यावर दुकान त्याच्यावर टाकून गावी परतले ते हे मशीन घेऊन. आता मोबाइलमुळे जगभरच्या असल्याच वेड्यांशी त्यांची ओळख झाली होती. फिनलंडचा एक जण त्यांना कमरेएवढ्या बर्फाचे फोटो पाठवी. काका त्याला पाण्याच्या टँकरचे फोटो पाठवत. दोघांचंही त्यावर समाधान होई.

मेमरीच्या एकेका कप्प्याला ते घर म्हणत. एक घर वाचलं की त्या दिवशी शिरा. गलाईवाल्याची सवयच ती. जिथे दुसऱ्याला कचरा दिसतो तिथे हा माणूस फुंकर मारून बघणार. हा काटकसरीपणा मशीनपुरता असता तर काकूंचं काही म्हणणं नव्हतं. पण काका बोलतानाही घरं वाचवत. फोनवर "आलो," "पाठवा," "न्हाई." एवढंच. काकूंची जुनी तक्रार होती. "लग्नात सगळ्यांनी नाव घ्या म्हणून आग्रह केला. दुसऱ्याचे नवरे चार-चार ओळींचे उखाणे घेतात. ह्यांनी माझं नुसतं नाव घेतलं आन खाली बसले." त्याच लग्नाची कॅसेट होती, तीही काकांनी वापरून टाकली. एकदा भावजयीला ऐकवायला म्हणून काकूंनी ती लावली, तर मंगलाष्टकांच्या मधोमध ती किंकाळी. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, पण काकांना ते जाणवलं असेल असं वाटत नाही.

काकांच्या देखाव्यांचं परदेशात कौतुक होई, पण त्यांचा जीव अडकला होता तो एका माणसाच्या मान्यतेत. बिरूनाना. वस्तीवरचे म्हातारे मेंढपाळ, काकांच्या बरोबरीचे आणि लहानपणापासूनचे दोस्त. एके काळी नाना गजीत ढोल वाजवत. ढोलाच्या तालावर रिंगण धरून, हातातले रुमाल उडवत नाचायचं, ती गजी. वस्तीची बारा जणांची गजी होती आणि तिला जत्रेजत्रेतून बोलावणं असे. बारावे काका. एका वर्षी ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी काकांचे मामा आले आणि काकांना गलाईला घेऊन गेले. काका गेले. नानांनी ऐन वेळी दुसऱ्या कुणाला घेतलं नाही, काकांची जागा मोकळी ठेवून अकरा जण नाचवले. त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली. नाना रोज दुपारी चहाला येत आणि काकांची ओळख करून देताना अजून म्हणत, "ह्यो आमचा पळून गेल्याला."

सगळे हसत. काकाही हसत. पण काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "नानांच्या मनातनं ती गेलं न्हाई. आन ह्यांच्याबी. ही सगळी खटपट त्याच्यासाठीच चाललीया."

खटपट म्हणजे काका त्या मशीनमध्ये ती जुनी गजी उभी करत होते. नाचणाऱ्यांतले बहुतेक जण आता राहिले नाहीत, उरलेल्यांचे गुडघे राहिले नाहीत. मी तिथे गेले तेव्हा हे काम कित्येक वर्षं चालू होतं. नाना चहाची बशी हातात धरून बघत, संपलं की म्हणत, "परत दाखव." काका परत दाखवत. मग नाना बशी खाली ठेवून चूक सांगत. रुमाल लय जड हाय. पाय मातीत पडत न्हाई, फरशीवर पडतोय. ढोल ह्योच का? मला वाटलं पिंप वाजतंय.

पण या कुरकुरीतूनच एक मोठी अडचण सुटली. त्या मशीनला एका वेळी एकच काम जमतं. चित्र हलवायचं, नाहीतर आवाज काढायचा. ढोल वाजला की नाचणारे थिजत. काका हैराण झाले होते. नाना म्हणाले, "पाय टेकला की माणूस वाईच थांबतोच की रं. तवाच हाणायची थाप." काकांनी थाप बरोबर पाय टेकण्याच्या जागी बसवली, आणि थिजणं दिसेनासं झालं. त्या दिवशी फिनलंडच्या गृहस्थांनी काय लिहिलं ते काकांनी मला वाचायला लावलं, पण नाना नुसते "हं" म्हणाले होते, त्यामुळे काका काही खुलले नाहीत.

नाचणारा एकेक माणूस पडद्यावर जेमतेम बोटाच्या पेराएवढा. काकांनी एकाच माणसाचं चित्र काढलं होतं आणि तेच अकरा जागी वापरलं होतं. पण प्रत्येकाची नाचण्याची स्वतःची तऱ्हा असते, ती घालायला जास्तीची घरं लागली होती. एक जण लंगडत नाचे. एक डावखुरा, रुमाल उलट्या बाजूने उडवणारा. एक दर फेरीला पटका सावरणारा. एकाच्या हातातून रुमाल पडायचाच आणि तो उचलायला तो वाकायचाच. "माणूस स्वस्त पडतोय, डॉक्टरबाई," काका पेन्सिल कानामागे खोचत म्हणत. "खोड महाग पडती." गुरांच्या बाबतीतही माझा अनुभव तसाच आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षी जत्रेच्या कमिटीला काकांच्या देखाव्याचा सुगावा लागला. त्या वर्षी चौकात एलईडीचा मोठा पडदा लावायचा होता. कमिटीचा अध्यक्ष, तिशीतला, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल, काकांकडे आला. पडदा द्यायला तयार होता. अट एकच. देखाव्याच्या शेवटी शुभेच्छुकांची नावं यायला पाहिजेत, जशी फ्लेक्सवर येतात.

"किती नावं?" काकांनी विचारलं.

"जास्त न्हाईत. कमिटीचीच. फक्त पुढं भैय्यासाहेब, दादासाहेब ती पूर्ण घाला, आर्धवट नको."

काकांचा चेहरा मला दिसत होता. त्या मशीनला मराठी अक्षर येत नाही. एकेक अक्षर चित्रासारखं काढावं लागतं, एकेकाला आठ घरं, आणि मेमरी तर काठोकाठ भरलेली. पण गावासमोर, जत्रेत, चौकात गजी पुन्हा नाचणार होती. काका हो म्हणाले. अध्यक्ष गेल्यावर ते पेन्सिल घेऊन घरं मोजायला बसले.

पुढचा पंधरवडा त्या घरात शिरा झाला नाही. काका घरं शोधत होते आणि ती कुठेच नव्हती. शेवटी त्यांनी नाचणाऱ्यांच्या खोडी काढून टाकल्या, तेव्हा कुठे भैय्यासाहेब बसले. त्या दुपारी नाना आले. काकांनी देखावा लावला. अकरा जण एकसारखे नाचत होते, एकसारखे रुमाल उडवत होते. मग भैय्यासाहेब, दादासाहेब सरकत सरकत वर गेले.

"ही कोण माणसं?" नानांनी विचारलं.

"आपलीच की."

"न्हाई. आपली न्हाईत. ही परेडीतली हायत." नानांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. "पयल्यांदा तू एकटाच गेलास, गड्या. आता समद्यांना घालवलंस."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी चहाला आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. काकू रोज तीन कप चहा टाकत आणि एक झाकून ठेवत. काका मशीनवर फडकं टाकून पायरीवर बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. अध्यक्षाला नाही म्हणायला किती घरं लागतात?

जत्रेच्या दिवशी काका मशीन, टेप आणि एक कॅसेट घेऊन चौकात गेले. कुठली कॅसेट, ते त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. तिन्हीसांजेची वेळ. चौक भरलेला. अध्यक्ष पहिल्या रांगेत मोबाइल उगारून बसलेला, आपलं नाव आलं की टिपायला. नानासुद्धा आले होते, पण लांब, देवळाच्या कट्ट्याला, घोंगडं पांघरून.

आणि कॅसेट सुरू झाली. काका स्पीकरवाल्या पोरांना सांगायचं विसरले होते की आधी फक्त पडदा जोडा, आवाज नंतर. जत्रेचे ते भले मोठे स्पीकर, आणि त्यातून ती किंकाळी, पुरती दोन-तीन मिनिटं. बायकांनी कानांवर पदर धरले. जत्रेत विकायला आणलेली बैलजोडी दावं तोडून ओढ्याकडे गेली आणि एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले, "डॉक्टरबाई, ह्याचा दुधावर परिणाम व्हतो का?" मी म्हटलं, नाही. त्यांचा विश्वास बसला नाही.

मग शांत झालं. काळ्या पडद्यावर एक ठिपका आला, त्याचा माणूस झाला, मग दुसरा, तिसरा, आणि रिंगण फिरायला लागलं. ढोल वाजला. एक जण लंगडत होता. एकाने रुमाल उलटा उडवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांतल्या एकालाही मी कधी पाहिलेलं नव्हतं.

बायकांच्या गर्दीतून एक थकलेली म्हातारी उभी राहिली. पडद्याकडे बोट करून तिने शेजारणीला सांगितलं, "डावखुरा त्यो. ती आमचं मालक." तिने नाव घेतलं. इतक्या स्पष्ट आवाजात नवऱ्याचं नाव घेतलेलं तिच्या सुनेनेही कधी ऐकलं नव्हतं म्हणे. मग दुसरीकडून कुणीतरी ओरडलं, त्यो लंगडा आमचा चुलता. मग पटकेवाल्याचं नाव आलं. रुमाल पडला, तो उचलायला माणूस वाकला, आणि पहिल्या रांगेत कुणीतरी अध्यक्षाच्या पाठीत थाप मारली, "तुझा आजा की रं." अध्यक्ष मोबाइल धरून उभाच राहिला. देखावा संपला. शुभेच्छुक कुणीच आलं नाही, आणि तो तिथेच उभा राहून म्हणाला, "परत लावा."

परत लावायचं तर आधी ती किंकाळी. चौकाने तीसुद्धा ऐकून घेतली.

मी कट्ट्याकडे वळून पाहिलं. नाना निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी सवयीने तीन कप टाकले. नाना आले. घोंगडं काढून ठेवलं, पलंगावर बसले, बशी हातात घेतली आणि म्हणाले, "दाखव."

काकांनी दाखवला. नाना बघत होते. काका पडद्याकडे न बघता नानांकडे बघत होते, आणि मी व काकू दारात, दोघांकडे. संपलं.

"माणसं आपली हायत," नाना म्हणाले.

काकांनी इतकी वर्षं ज्यासाठी वाट बघितली ते वाक्य हेच. पण नाना थांबले नव्हते.

"पर एक कमी हाय."

"अकरा हायत की, नाना. अकराच नाचले हुते."

"अकरा नाचले, कारण एक पळाला. गजी बाराची." नानांनी बशी खाली ठेवली. "तू कुठं हायस?"

"मला जागा उरली न्हाई," काका म्हणाले. आणि मग, न विचारता, जास्तीची दोन वाक्यं बोलले, जी त्यांच्या स्वभावात नव्हती. "आन माझी खोड मला ठावं न्हाई. आपुन नाचताना आपल्याला दिसत न्हाई."

"मला दिसायचं. मी ढोलावर, तू समोर." नाना पलंगाच्या कडेला हात टेकून उठले. गुडघे वाजले. जमिनीकडे बघून त्यांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला, सत्तरी गाठलेला तो माणूस, टाच किंचित उचलून, रुमाल धरल्यासारखा हात वर करून, मान मागे टाकून आढ्याकडे बघायला लागला. "समदे पायाकडं बघायचे. तू उडीला वर बघायचास. दर येळी. मी म्हनायचो, ह्याला वर काय दिसतंय गड्या."

काकांनी कानामागची पेन्सिल हातात घेतली.

"लय घरं लागतील," ते म्हणाले. "मशिनात एकबी मोकळं न्हाई."

"माझ्या ढोलातनं घे."

"ढोल कमी हुईल, नाना."

"होऊ दे."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मशीनकडे वळले, मग थांबले, परत नानांकडे वळले.

"परत दाखव," ते म्हणाले.

नानांनी गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला, आणि परत दाखवलं.